टिपणीस सरांचा तक्ता आणि चमचाभर ठेचा

आमच्या जळगावात म्हातारी माणसं स्पॅनिश शिकतील असं ब्रह्मदेवालाही वाटलं नसेल. पण द्वारकाबाईंच्या मुलानं स्पेनची बायको केली. दिवाळीला सून येणार, तर तिला वाढताना "थोडं की पुष्कळ?" एवढं तरी तिच्या भाषेत विचारता यावं, म्हणून बाई क्लासला जाऊ लागल्या. मीही गेलो, घरात कोणी बसू देत नाही म्हणून.

टिपणीस सरांनी भिंतीवर तक्ता लावला होता. एक चमचा म्हणजे पोको, थोडं. चार म्हणजे बास्तांते, पुरेसं. दहा म्हणजे मूचो, पुष्कळ. त्यावर देमासियादो, म्हणजे अती.

बाई म्हणाल्या, "सर, तीस वर्षं खानावळ चालवली मी. हे चमच्यावर नाही, जेवणाऱ्यावर ठरतं."

"सिद्ध करा," सर म्हणाले, "नाहीतर उद्यापासून नाव कमी."

दुसऱ्या दिवशी बाईंनी डबा उघडला. कळण्याच्या भाकरीवर चमचाभर ठेचा घेऊन सावकाश खाल्ला. "पोको," म्हणाल्या. मग तेवढाच सरांना वाढला. सरांनी ऐटीत घास घेतला आणि त्यांचे कान लाल झाले.

"देमासियादो," सर कसेबसे बोलले.

"एकच चमचा आहे, सर. तक्त्यात पोको लिहिलंय."

सरांनी माझ्याकडे हात पसरला. "पाणी."

"किती आणू?"

"मूचो."

मी तक्त्याप्रमाणे दहा चमचे मोजून आणलं.

तक्ता त्याच दिवशी उतरला. बाईंचं नाव अजून हजेरीत आहे.