फाकड्याचं स्वातंत्र्य

फार पूर्वी एका बाभळीच्या रानात सातभाई पक्ष्यांचा थवा राहत असे. सगळे खाली किडे टिपत, तेव्हा पाळीपाळीने एक जण उंच फांदीवर उपाशी बसून पहारा करी. शिकारी शिक्रा दिसला की तो ओरडे आणि सगळे काट्यांत दडत.

एके दिवशी फाकड्या नावाचा धडधाकट पक्षी म्हणाला, "माझी नजर तेज, पंख दणकट. दुसऱ्यांसाठी मी का उपाशी बसू? ज्याने त्याने आपापलं बघावं. यालाच स्वातंत्र्य म्हणतात!"

तरुणांना हे फार पटलं. घरट्यात पिल्लू असलेल्या भुरीने विचारलं, "आणि ज्यांना अजून उडता येत नाही, त्या पिल्लांचं काय?"

"ज्याची पिल्लं त्याने सांभाळावीत," फाकड्या हसून म्हणाला. महिनाभरात पहारा बंद पडला.

मग शिक्रा आला. फाकड्याने त्याला सर्वांआधी पाहिलं आणि तो गुपचूप काट्यांत शिरला. भुरी चारा आणायला गेली होती. शिक्र्याने तिचं पिल्लू उचललं.

"तू पाहिलं होतंस ना? एक हाक मारायला काय झालं होतं?" भुरी कडाडली.

"वाईट झालं खरं. पण हाक मारायची सक्ती थोडीच आहे?"

"तू अंड्यातून निघालास तेव्हा तुझे डोळेही उघडले नव्हते. तेव्हा वर उपाशी कोण बसलं होतं? माझा बाप! तुला जगवायची सक्ती त्याच्यावर कुणी केली होती रे?"

फाकड्याने पाठ फिरवली. तो उडाला, आणि तरुण पुन्हा त्याच्याच मागे उडाले.