कारभाऱ्याच्या लेकीच्या पाटल्या

फार पूर्वी एका राज्यात टांकसाळीचा एक कारभारी होता. मिसरूड फुटण्याआधी तो तिथे भट्टीचा भाता ओढायला लागला आणि तीस वर्षांनी तिथल्याच सर्वांत उंच गादीवर बसला. नाणी किती पाडायची, सोन्यावर जकात किती घ्यायची, हे राजा त्याला विचारून ठरवी. तो बाजारात नुसता खोकला तरी सोन्याचा भाव हले. म्हणून बिचारा खोकायचाही घरी येऊन.

घरी लेकीचं लग्न निघालं. जेवताना बायकोने विचारलं, "अहो, पाटल्या आजच घेऊ, की दसऱ्याला?"

कारभाऱ्याचा घास हातातच राहिला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सोन्यावर नवी जकात बसायची होती. ते फक्त राजाला ठाऊक होतं, आणि त्याला.

"तुझं तू ठरव."

"एवढे मोठे कारभारी, आणि बायकोला एक शब्द सांगवत नाही?"

"आमटी छान झालीय."

"आमटीचं नाही विचारलं मी!"

बायकोने दसऱ्याचा मुहूर्त धरला. आदल्या दिवशी दवंडी पिटली आणि भाव दीडपट झाला. ठेवलेल्या पैशांत पाटल्या बारीकच आल्या. मांडवात विहीणबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "टांकसाळ घरात, आणि पोरीच्या मनगटात सुतळी!" लेकीने पदर ओढून हात झाकले. बायको त्यानंतर महिनाभर नवऱ्याशी कामापुरतंच बोलली. तो स्वतःच इतकं कमी बोले, की त्याला हे कळायला पंधरा दिवस लागले.

पुढच्या वर्षी कुणीतरी आवई उठवली, की नव्या नाण्यांत तांबं मिसळलंय. दुकानदार नाणी घेईनात. सकाळीच टांकसाळीपुढे सगळं शहर लोटलं. हातात दगड होते. शिपाई मागे सरले. कारभारी एकटाच पायरीवर आला.

"नाणं खरं आहे," तो म्हणाला.

"कशावरून?" एक कासारीण ओरडली. "मोठी माणसं आधी आपलं घर भरतात!"

तेवढ्यात गर्दीतून म्हातारा सोनार पुढे आला.

"बाई, जकात ठरवणारा हाच. आणि याच्या बायकोने लेकीच्या पाटल्या माझ्याकडून घेतल्या, त्या दवंडीच्या दुसऱ्या दिवशी. दीडपट भावाने! मी तेव्हा याला खुळा म्हणालो होतो."

कासारणीने दगड हळूच खाली ठेवला, कनवटीची नाणी पुन्हा गाठीत बांधली आणि ती घरी निघाली. तिच्यामागे दुसरी, मग दहा, मग शंभर. तलवार उपसली नाही, भालदार ओरडला नाही. दुपारपर्यंत चौक रिकामा झाला. समोरच्या राजवाड्याच्या सज्ज्यातून बघणाऱ्या राजाने नकळत मुकुट काढून हातात धरला.

बायको चौकाच्या कडेला उभी होती. वीस वर्षं जिच्या ताटाशेजारी हा माणूस जेवला, ती त्याच्याकडे आज बघतच राहिली.

संध्याकाळी तिने विचारलं, "आमटी करू की पिठलं? एवढं तरी सांगाल?"

"तुझं तू ठरव," तो म्हणाला. आणि दोघंही हसली.

तात्पर्य: ज्याचं मौन त्याच्या स्वतःच्या घरालाही महाग पडतं, त्याच्याच एका शब्दावर सगळं राज्य निर्धास्त झोपतं.