हलत्या टेबलावरची रेघ

ऐका. एकदा एक भूमापक निवृत्त झाला आणि रंगीत काचांच्या खिडक्या करायला शिकू लागला. मोरेश्वर खांबेटे त्यांचे नाव. छत्तीस वर्षे त्यांनी लोकांच्या जमिनींच्या हद्दी कागदावर आखल्या. भाऊ भावाशी भांडला, तरी खांबेट्यांच्या रेघेवर कोणी शंका घेतली नाही. आणि निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. नियती अशी चेष्टा करते आणि वर आपल्याला हसायलाही सांगते! मला तिचा हा स्वभाव मुळीच आवडत नाही.

त्यांचे गुरू होते वसईचे इनासबाबा. वय एक्क्याऐंशी. उभा जन्म चर्चच्या खिडक्यांच्या फुटक्या काचा बदलण्यात गेलेला. खांबेटे दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्या पडवीतल्या टेबलापाशी येत. त्यांना खंड्या पक्षी करायचा होता. चोच झाली, पोट झाले, फांदी झाली. अडले ते निळ्या पंखावर. एकाच तावातून कापलेले निळ्या काचेचे नऊ तुकडे फुटले. दोनदा बोटे कापली.

तेव्हा त्यांचा मुलगा सुहास म्हणाला, "बाबा, छंद आनंदासाठी असतो. तुम्ही घरी येता ते हाताला फडकं गुंडाळून. पुरे करा ना आता." मुलगा वाईट नव्हता. त्याला खरोखर भीती वाटत होती. पण खांबेट्यांना फार लागले ते. रागाच्या भरात ते बोलून गेले, "शेवटचा तुकडा उरलाय. तोही फुटला तर पुन्हा काचेला हात लावणार नाही." आणि हा माणूस दिलेला शब्द मोडणाऱ्यांतला नव्हता.

शुक्रवारी ते आले. शेवटचा निळा तुकडा टेबलावर ठेवला. काच कशी कापतात हे ठाऊक नसेल तर सांगतो. कटरच्या टोकाला बारीकसे चाक असते. ते दाबून काचेवर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक ओरखडा काढायचा, मग दोन्ही हातांनी काच हलकेच वाकवायची. ती त्या ओरखड्यावर दुभंगते. बास, एवढेच. आणि एवढेच खांबेट्यांना जमत नव्हते.

त्यांनी इनासबाबांना सगळे सांगितले. मुलाचे बोलणे, दिलेला शब्द, सगळे. खांबेट्यांनी श्वास रोखून कटर कडेला टेकवला, चाक करकरत निघाले, आणि त्याच क्षणी इनासबाबांनी टेबलाची कड धरून टेबल गदागदा हलवायला सुरुवात केली.

"अहो बाबा! हे काय चालवलंय?"

"बोलायचं ते तोंडानं बोल. हात थांबवू नको."

"अहो, शेवटचा तुकडा आहे हो!"

"म्हणूनच. चल पुढे!"

खांबेट्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नशीब वैरी झाले, हात वैरी झाला, आता गुरूही? त्यांनी दात आवळले. वय नाही, तब्येत नाही, समोर कोण आहे तेही नाही, काही काही पाहिले नाही. हलवा, किती हलवायचे ते हलवा, मी काही थांबत नाही, असे मनात म्हणत त्यांनी चाक पलीकडच्या कडेवरून उतरवले. ओरखडा नागमोडी आला होता. बाबांनी टेबल सोडले.

"आता वाकव."

टक् असा आवाज झाला. काच त्या वेड्यावाकड्या ओरखड्यावर दुभंगली. रेघ सोडून कुठेही तडा गेला नव्हता. खांबेटे दोन्ही हातांत दोन भाग धरून नुसते बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि हात अर्थातच थरथरत होता.

मग बाबा बोलले. "मोरेश्वरा, नऊ काचा थरथरीनं फुटल्या असं तू धरून चाललास. थरथरीनं एकही फुटली नाही. हात हलला की तू थांबायचास, हात शांत करायचास आणि तिथूनच पुन्हा सुरू करायचास. ओरखडा जिथं तुटतो, तिथून काच आपल्या मनानं जाते. वाकड्या रेघेचं काचेला काही वावडं नाही. आणि हा वाकडेपणा दोन काचा जोडणाऱ्या शिशाच्या पट्टीखाली जातो. पण अर्धवट रेघ कोणती पट्टी झाकणार?"

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू मान हलवलीस. मान लगेच ऐकते रे, हाताला वेळ लागतो. आज तुला राग आला, म्हणून हातानं ऐकलं."

दुपारी सुहास न्यायला आला. त्याने पंख उचलून उजेडासमोर धरला. टेबलावर निळी सावली हलली. तो जरा चाचरत म्हणाला, "बाबा, रेघ वाकडी आलीय."

छत्तीस वर्षे सरळ रेघा काढलेला तो माणूस ताठ उभा राहिला.

"आलीय ना वाकडी. पण या कडेपासून त्या कडेपर्यंत आलीय. पुढच्या मंगळवारी दुसरा ताव घेऊन येणार आहे मी. सोडायला येशील, की रिक्षा करू?"

सुहासने पंख जपून खाली ठेवला. "येईन," तो म्हणाला.

आपले काम स्थिर हातांचीच वाट पाहत पडून असेल, तर ते आज थरथरत्या हातांनीच सुरू करावे आणि पलीकडच्या कडेला पोचेपर्यंत कोणाच्याही बापाला न भिता चालू ठेवावे.