देवराईचा कौल

एका गावात एक राजा राहायचा. हो, गावातच. त्याचं राज्य एवढंसं होतं की या टोकाला उभं राहून हाक मारली, की त्या टोकाचा माणूस ‘ओ’ द्यायचा. राजाचं नाव रुद्राजी. माणूस भला. आपली नाचणी आपणच पेरायचा. राणी गोजराई त्याच्यावर डाफरायची, आणि भाकरी मात्र गरमच वाढायची.

त्या राज्याला एकच दुखणं होतं. पावसाळ्यात पाणी उदंड, पण चैत्र लागला की झरे आटायचे. मग बाया डोंगर उतरून खालच्या नदीवरून पाणी आणायच्या. राणीही आणायची. हंडा उतरवला की ती गुडघा धरून खाली बसायची, आणि राजा दुसरीकडे बघायचा. गावाला एक तळं बांधून द्यावं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण ऐपत नव्हती.

त्या काळी हवेत धूर फार झाला होता. ऊन तापायचं, पाऊस भलत्या वेळी यायचा. म्हणून सगळ्या राजांनी बसून एक नियम केला. ज्याच्या भट्ट्या धूर सोडतात, त्याने दुसऱ्याकडून झाडं वाढवून घ्यावीत आणि त्याला मोबदला द्यावा. झाडं धूर पितात ना, म्हणून. जेवढा धूर ती जास्तीचा पितील, तेवढा भट्टीवाल्याचा फिटला.

हा नियम ऐकून सपाटीवरचा तेजपाळ शेठ धापा टाकत डोंगर चढून आला. त्याच्या विटांच्या भट्ट्या होत्या. गावाच्या देवराईत तो शिरला आणि पागोटं काढून वारा घेत बसला. राई देवीची. तिथं काडी उचलायचीही मनाई. झाडं अशी दाट, की दुपारी संध्याकाळ वाटावी.

“वा महाराज!” शेठ म्हणाला. “ही राई तुम्ही माझ्यासाठी राखली, एवढं सांगा. मी तळं बांधून देतो. दगडी पायऱ्यांचं!”

राजाच्या डोळ्यांपुढे राणीचा गुडघा आला. “ठरलं,” तो म्हणाला.

पण गावाची एक रीत होती. राईबद्दल काहीही करायचं, तर आधी देवीला कौल लावायचा. गुरव देवीच्या दगडाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि विचारणाऱ्याने प्रश्न सगळ्यांना ऐकू जाईल असा, मोठ्याने विचारायचा.

सारा गाव जमला. राजाने हात जोडले. “आई, शेठजी तळं देतात. घेऊ ना?”

“कशाबद्दल देतात ते सांगा, महाराज,” गुरव म्हणाला. “आईला अर्धं सांगून चालत नाही.”

“राई राखली, त्याबद्दल.”

मागून एक म्हातारी म्हणाली, “कुणापासून राखली, बाबा? हितं कोण कुऱ्हाड घेऊन आलं होतं?”

लोक हसले. राजाने घसा खाकरला. “आई, जी झाडं आम्ही तोडणारच नव्हतो, ती तोडली नाहीत, म्हणून...” त्याला पुढे बोलवेना. कान लाल झाले. पाकळ्या पडायच्या आधीच त्याने त्या हाताने काढून घेतल्या.

“अहो, हे काय?” गुरव म्हणाला.

“आईला कशाला त्रास? मला विचारताच येत नाही, यातच आलं की सगळं.”

मग तो शेठकडे वळला. “शेठजी, ही झाडं कालही धूर पीत होती, उद्याही पितील. त्यांच्या नावावर तुम्ही आणखी भट्ट्या पेटवाल. मग धूर कमी कुठं झाला?”

“शेजारच्या राजाने तर त्याची राई मुकाट दिली.”

“देऊ द्या. तो समोरचा बोडका डोंगर बघा. दरवर्षी आम्ही तिथल्या फांद्या छाटतो, वाफ्यात पसरून जाळतो आणि त्या राखेवर भाताची रोपं काढतो. राब म्हणतो आम्ही त्याला. हा राब सोडला, तर तो डोंगर वाढेल. तो वाढला, तर त्याचा मोबदला द्या.”

“त्याला वर्षं जातील!” म्हणत शेठ निघून गेला. तळंही गेलं.

राजाने नुसता हुकूम सोडला नाही. आधी स्वतःच्या वाफ्यात राब न जाळता शेणखत घातलं. खत कच्चं निघालं, रोपं किडकिडीत आली.

“महाराज, यंदा पेज प्यायची वाटतं!” लोक म्हणाले.

“पिऊ की,” राजा म्हणाला. राणी डाफरली, पण पेज मात्र तिने गरमच वाढली.

पुढच्या वर्षी त्याने खत नीट कुजवलं. रोपं तरारली. मग शेजाऱ्यांनी तसं केलं. मग सगळ्यांनी बसून ठरवलं, कोणत्या वाडीने डोंगराची कोणती बाजू कधी सोडायची आणि चुलीला लाकूड कुठून आणायचं. हळूहळू डोंगर भरला. झरेही चैत्रात थोडे रेंगाळू लागले.

इकडे शेजारच्या राजाची गंमत झाली. त्याने तीच राई चार शेठांना दिली होती, त्यात तेजपाळही होता. नियम पाळतात का, हे पाहणारे राजांचे लोक आले. ‘ही तर आधीपासून होतीच,’ म्हणाले. सगळे सौदे मोडले, आणि तेजपाळ शेठच्या भट्ट्या थंड पडल्या.

तो पुन्हा डोंगर चढून आला. वाटेत एका झाडाखाली टेकला. तिथं त्याला राजा भेटला.

“महाराज, तो बोडका डोंगर कुठं गेला हो?”

“त्याच्याच सावलीत बसलात की!”

शेठ खाली बघत म्हणाला, “तेव्हा तुम्ही नाही म्हणालात, म्हणून आज तुमच्या ‘हो’वर भरवसा ठेवतो. तळं बांधू.”

पुन्हा गाव जमला. गुरवाने पाकळ्या लावल्या. राजाने खणखणीत विचारलं, “आई, जो डोंगर आम्ही जाळत होतो, तो आम्ही वाढवला. त्याबद्दल तळं घेऊ का?”

“फुटला बाई एकदाचा आवाज!” राणी म्हणाली.

सगळे असे हसले, की कोणती पाकळी आधी पडली, हे कोणी पाहिलंच नाही.

तात्पर्य: जे मोडणारच नव्हतं, ते राखल्याचा मोबदला घेऊ नये. जे आपल्या हातून मोडत होतं, ते सावरावं. आणि सौदा असा करावा, की तो चारचौघांत मोठ्याने सांगता येईल.