हैबतरावांची फुंकर

नीलगीर महाराज त्या साली आंबेखडीला मुक्कामाला होते. डोंगराच्या कुशीतलं हे गाव तसं लहान, पण ताठ मानेचं. त्याला कारणही तसंच होतं. गावच्या भैरोबाच्या गाभाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या तेवणारा नंदादीप होता, आणि अख्ख्या गावाच्या चुली त्या दिव्यावर पेटलेल्या होत्या. दिवाळी पाडव्याच्या सकाळी घराघरातली माणसं खापर घेऊन देवळात यायची, दिव्यावर गोवरी पेटवून घ्यायची आणि तो विस्तव घरी नेऊन चुलीत घालायची. मग वर्षभर तो राखेखाली जपायचा. पोरीबाळी सासरी जाऊन सांगायच्या, "आमच्या माहेरची चूल देवाच्या दिव्याची आहे!" असा अभिमान कोणाला नसेल हो?

अशा गावात महाराज आले आणि देवळाच्या सभामंडपात, खांबाला टेकून बसले. जवळ एक घोंगडी, एक चिमटा आणि एक चिलीम. एवढाच त्यांचा संसार. पण चारच दिवसांत धनगर, मोळीविके, लेकुरवाळ्या बाया, सगळ्यांची तिथे रीघ लागली. कोणी दुखणं सांगे, कोणी नुसतंच बसून राही. महाराज कोणाला दूर लोटत नसत.

या नंदादीपाची राखण गुरवाच्या घरी होती. गुरव म्हाळू, त्याची बायको गोजरा आणि त्यांची एक लहानगी मुलगी. म्हाळू आसपासच्या गावांतून संबळ वाजवायला जाई, तेव्हा दिव्याची तेलवात गोजराच पाही. अंगानं काटकुळी, बोलायला मऊ, कामाला वाघीण. आणि तरीही ही गोजरा एका माणसाला चळाचळा कापायची. तो माणूस म्हणजे गावचे पाटील, हैबतराव.

हैबतराव तिला मारत नसत, शिव्या देत नसत. चार माणसांत ती समोर आली की ओठांचा चंबू करून हलकेच एक फुंकर मारत, "फू!" बस्स, एवढंच. बघणाऱ्याला वाटे, पाटलांची काहीतरी थट्टा चालली आहे. लोक हसतसुद्धा. पण गोजराच्या हातापायातलं बळ जाई. मग पाटील म्हणत, "गोजरे, वाड्यावर दोन पायल्या जोंधळा पडलाय दळायचा." आणि गोजरा घरचं जातं सोडून पाटलांच्या जात्यावर जाई. त्यांचं अंगण झाडी, त्यांची भांडी घाशी. कडेवरच्या पोरीला भूक लागली तरी "जाते" म्हणायची सोय नव्हती. नवरा विचारी, "अगं, त्यांच्याकडे एवढं काय राबतेस?" तर ही म्हणे, "मोठ्या घराला नाही कसं म्हणावं?"

त्या फुंकरीचं मर्म दोघांनाच ठाऊक होतं. दोन पाडव्यांपूर्वीच्या थंडीत म्हाळू परगावी गेला होता आणि पोर तापानं फणफणली होती. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवता ठेवता पहाटे गोजराचा डोळा लागला. जाग आली तशी ती देवळात धावली, आणि पाहते तर गाभाऱ्यात काळोख! वात कोरडी पडून दिवा शांत झाला होता. बाईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. घरी पळत आली, आपल्या चुलीतला निखारा खापरात घेतला, वात तेलात भिजवली आणि दिवा पुन्हा लावला. मागे वळते तो दारात हैबतराव उभे.

"गोजरे, हा विस्तव कुठला गं?" त्यांनी हसत विचारलं होतं.

त्या हसण्यानं तिचा गळा धरला तो धरलाच. दिवा विझवणाऱ्याच्या घराला गावात थारा नाही, ही जुनी रीत. सेवा जाईल, घर जाईल, नवऱ्याचं नाव मातीत जाईल आणि उद्या पोरीला कोणी उंबऱ्यात घेणार नाही. म्हणून ती गप्प राहिली. आणि जितकी गप्प राहिली, तितकी पाटलांची फुंकर जोरात वाहू लागली.

आता महाराज गावात आले आणि पाटलांचं पित्त खवळलं. सभामंडपात त्यांच्या बैठकीची एक ठरलेली जागा होती. तिथे एक म्हातारी मोळीविकी टेकलेली पाहून ते कडाडले, "ऊठ!" महाराज शांतपणे म्हणाले, "हैबतराव, देवाच्या घरात सगळेच पाहुणे. या, तिच्या शेजारी बसा." लोकांसमोर एवढं ऐकून घ्यायची त्या माणसाला सवय कुठली? ते तरातरा निघून गेले आणि घरी जाऊन त्यांनी एक बेत रचला.

पाडव्याच्या आदल्या दुपारी त्यांनी गोजराला वाड्यावर बोलावलं. म्हणाले, "उद्या गाव जमलं की उभी राहायचीस आणि सांगायचंस, 'या गोसाव्यानं चिलीम पेटवताना नंदादीप विझवला. मी डोळ्यांनी पाहिलं.' एवढं म्हण आणि सूट. त्याला गाव वेशीबाहेर काढील आणि तुझं माझं प्रकरण मिटलं."

"पाटील, हे पाप माझ्या तोंडून नका वदवू हो!"

"नको वदवू?" हैबतरावांनी ओठांचा चंबू केला. "फू! मग मीच बोलतो उद्या. तुझं खरं सांगतो."

गोजरा वाड्याबाहेर पडली ती कुठे चालली आहे हे तिचं तिलाच कळत नव्हतं. पाय आपोआप देवळाकडे वळले. महाराज एकटेच बसले होते. तिनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिचा बांध फुटला. रडता रडता सगळं सांगून टाकलं. दिवा, निखारा, फुंकर, आणि उद्याचं खोटंही.

महाराजांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "पोरी, एवढी भरली घागर डोक्यावर घेऊन इतके दिवस उभी राहिलीस? मान मोडली नाही तुझी?"

"आता तुम्हाला सांगितलं, महाराज. आता हलकं वाटतं."

"मला सांगून काय उपयोग? मी वाटेवरचा माणूस. दिवा ज्यांचा आहे त्यांना सांग."

"गावाला?" तिनं दचकून वर पाहिलं. "आणि सेवा गेली तर? पोरीला घेऊन मी कुठे जाऊ? खरं सांगितलं तर भैरोबा राखील ना मला?"

 महाराज मायेनं म्हणाले, "राखील म्हणून सांगू नकोस, बाय. खरं आहे म्हणून सांग. पुढचं त्याचं तो बघेल. आणि हे बघ, मी काही तुला सांगायला लावत नाही. उद्या तू माझ्यावर आळ घेतलास तरी मी रागावणार नाही. घोंगडी उचलीन आणि चालू लागेन."

केवढं हे मोठेपण! गोजरा घरी गेली, पण ते बोलणं तिच्या काळजात रुतून बसलं. या माणसानं आपल्यावर रागवायचंही नाकारलं, आणि आपण त्याच्याच माथी बट्टा लावणार?

पाडव्याची सकाळ झाली. संबळ वाजू लागला. बाया नवी लुगडी नेसून, खापरं घेऊन आल्या. सभामंडप फुलून गेला. हैबतराव जरीचा रुमाल बांधून पुढे झाले आणि हात वर करून म्हणाले, "थांबा! कोणी विस्तव नेऊ नका. या देवळात मोठा अनाचार घडलाय. काय घडलं ते गुरवीण सांगेल." असं म्हणून त्यांनी गोजराकडे पाहिलं आणि ओठांचा चंबू केला.

फू!

लोकांपैकी दोघं-चौघं सवयीनं हसले.  गोजरानं महाराजांकडे पाहिलं. ते खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते. घोंगडी घडी करून शेजारी ठेवलेली होती. खरंच निघायची तयारी करून बसले होते ते! ती घडी पाहिली आणि गोजराच्या पोटात कसलातरी धीर उभा राहिला.

ती पुढे आली. पदर खोचला आणि मोठ्यानं म्हणाली, "दिवा विझला होता. पण महाराजांनी नाही विझवला. माझ्या हातनं विझला. दोन पाडव्यांपूर्वी माझी पोर तापात होती, माझा डोळा लागला आणि वात कोरडी पडली. माझ्या चुलीतल्या निखाऱ्यानं मी दिवा पुन्हा लावला आणि गावाला सांगितलं नाही. भ्याले म्हणून सांगितलं नाही. आता तुम्ही सेवा काढून घ्या, गावाबाहेर घाला, मला कबूल आहे. पण देवमाणसावर खोटा आळ माझ्या तोंडून यायचा नाही!"

संबळ थांबला. वाजवणारा तिचाच नवरा होता. म्हाळूच्या हातातली काठी तशीच राहिली.  मग त्यानं गळ्यातला संबळ उतरवला, गर्दीतून वाट काढली आणि बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला. म्हणाला, "सेवा जायची तर दोघांची जाईल." गोजराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

कुजबुज वाढली. कोणी म्हणालं, "म्हणजे आमच्या चुली बाटल्या की!" कोणी म्हणालं, "काढा बाहेर यांना!" आणि हैबतराव जोरात म्हणाले, "ऐकलंत? मी स्वतः पाहिलं होतं! मी दारातच उभा होतो!"

झालं! रागाच्या भरात पाटील बोलून बसले. गर्दीतली ठकूबाई नावाची म्हातारी कमरेवर हात ठेवून पुढे आली. ही तीच मोळीविकी. "काय म्हणालात, पाटील? तुम्ही पाहिलं होतं? मग तुम्ही गप्प का राहिलात? तुम्हीपण याच दिव्याचा विस्तव वाड्यावर नेलात की! आणि आत्ता तर म्हणत होता अनाचार झालाय म्हणून!"

"आणि ही तुमच्याकडे फुकट राबत होती ती याच्यासाठी?" म्हाळूनं विचारलं. 

"होय," गोजरा म्हणाली. "याच्यासाठीच. महाराजांवर आळ घे म्हणाले, तेही याच्यासाठीच. आता माझ्यापाशी लपवायला काही उरलं नाही. पाटील, आता खुशाल मारा फुंकर."

अहाहा! काय ते बोलणं! काल वाड्याच्या पायरीवर गयावया करणारी हीच का ती बाई? गावानं तिच्याकडे नव्यानं पाहिलं. काही आयाबाया तर डोळे पुसू लागल्या.

हैबतराव रागानं लाल झाले. "हा दिवाच खोटा आहे!" ते ओरडले. "आत्ता विझवतो आणि माझ्या हातानं नवा लावतो!" ते गाभाऱ्याकडे धावले. लोक "हां हां, पाटील!" करत पुढे सरसावले, तोच महाराजांनी डोळे उघडले.

"अडवू नका त्यांना," महाराज म्हणाले. "हैबतराव, इतके दिवस त्या पोरीवर फुंकर मारलीत. आज दिव्यावर मारून बघा."

हैबतराव वाकले, गाल फुगवले आणि फुंकर मारली. ज्योत हलली नाही. पुन्हा मारली. समईशेजारची फुलं उडाली, भस्म उधळलं, पण ज्योत हलली नाही. पाटलांनी छाती भरून श्वास घेतला आणि सगळा जोर लावला. तशी ती ज्योत आणखी हातभर उंच झाली आणि तिच्या उजेडात भैरोबाचा मुखवटा झळाळून उठला! पाटलांच्या डोक्यावरचा जरीचा रुमाल गळून पडला. ते धापा टाकत तिथेच बसले.

"चांगभलं!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळं देऊळ त्या गजरानं भरून गेलं.

महाराज उठून गाभाऱ्याच्या दाराशी आले. "म्हाळू, तुझ्या चुलीतला विस्तव कुठला रे?"

"याच दिव्याचा, महाराज. पाडव्याला नेलेला."

"मग झालं तर!" महाराज हसले. "या दिव्याची लेक तुझ्या घरी नांदत होती. आईला बरं नाही म्हणून लेक धावत माहेरी आली. यात बाटलं काय? लेकींनी आईला कधी परकं केलंय का? अरे, वात कोरडी पडली ती पोरीच्या तापापायी. खरा काळोख पडला तो त्यानंतर, भीतीचा. आज हिनं तो आपल्या तोंडानं घालवला. ज्योत उगाच नाही उंच झाली."

गावाच्या माना खाली गेल्या आणि लगेच अभिमानानं वरही आल्या. आपला दिवा विझलाच नव्हता! तो आपल्याच चुलींतून जागा होता! ठकूबाई म्हणाली, "सेवा हिच्याच घरी राहील. कोणाला काही म्हणायचंय?" बायांनी आपली खापरं गोजरापुढे धरली.

हैबतराव बोडक्या डोक्यानं उठले आणि महाराजांच्या पायांशी वाकले. महाराज दोन पावलं मागे सरले. "इथे नाही, हैबतराव. मी तर वाटेवरचा माणूस."

पाटील समजले. जन्मात ज्यांची मान वाकली नव्हती त्यांनी गोजरापुढे हात जोडले आणि जमिनीला कपाळ टेकवलं. "बाई, चुकलो. माझ्या वाड्यातला विस्तव आता मलाच जड झाला आहे. नव्यानं द्याल?" आजवर 'गोजरे' म्हणणारे पाटील तिला 'तुम्ही' म्हणत होते.

गोजरानं त्यांचं खापर हातात घेतलं. दिव्यावर गोवरीचा तुकडा धरला, पेटलेला तुकडा खापरात ठेवला. तो थोडा मंदावला, तशी ती खाली वाकली आणि तिनं त्यावर हळूच फुंकर घातली. फू!

हैबतराव दचकले. निखारा लालबुंद फुलला.

"घ्या पाटील," गोजरा म्हणाली, "जपून न्या." आणि पाटलांनी ते खापर दोन्ही हातांनी कपाळाला लावलं.