फक्कीच्या रेघा

"मग पुसल्या कुणी, बाबा? वाऱ्यानं?"

शिवदास घोलप मठाच्या पायरीशी उभ्याउभ्याच तणतणत होता. सुमेरगिरी बाबा झोळीला ठिगळ लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"बस आधी."

तो बसला. शहरातून इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेऊन आला, तांबडवाडीचा सरपंच झाला, तरी बाबांसमोर तो अजून फरशीवरच बसे. मुळाक्षरं त्यांनीच गिरवून घेतली होती. बाकी गावात मात्र स्वारी कुणाला जुमानत नव्हती.

धरणात गेलेलं एक गाव तांबडवाडीशेजारी आणून वसवलं आणि पाच वर्षांत वस्ती दुप्पट झाली. चौथीचा वर्ग मारुतीच्या ओसरीवर भरू लागला. शिवदासनं चपला झिजवून नवी शाळा मंजूर करून आणली. सोबत दवाखाना, समाजमंदिर, खेळाचं मैदान. नकाशा त्यानं स्वतः काढला आणि जुनं गाव नि नवी वसाहत यांच्या मधल्या गायरानावर चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्याशुभ्र रेघा मारून घेतल्या. आज दुपारी तालुक्याचे साहेब ती आखणी बघायला येणार होते. जागेवरून तंटा दिसला तर शाळा दुसऱ्या गावाला देऊ, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

आणि तीन दिवस कुणीतरी रेघा पुसत होतं.

"वसाहतीतल्या त्या सखाहरी डोकेशिवाय दुसरं कोण?" शिवदासनं खिशातून कागद काढला. "भर ग्रामसभेत म्हणाला, शाळा वसाहतीच्या दारात पाहिजे. ही तक्रार. आता ठाण्यातच चाललोय."

"पुसताना बघितलंस त्याला?"

"बघायला कशाला पाहिजे?"

"सगळ्याच रेघा पुसल्या?"

"नाही… शाळेच्याच. लांबच्या दोन्ही भिंतींच्या. मधोमध."

"रोज तिथंच?"

"रोज तिथंच. मी माणूस लावून नव्यानं मारून घेतो, तो पुन्हा पुसतो."

"गाडीवरनं उतरून बघितलंस का रे?"

तिन्ही दिवस तो रस्त्यावरूनच, फटफटी बंद न करता, बघून परतला होता.

बाबांनी सुई झोळीत टोचून ठेवली आणि ते अनवाणीच गायरानात उतरले. आजच मारलेल्या ताज्या रेघेवर त्यांनी पाय दिला, आणि मठाला लागून असलेल्या हापशापर्यंत चालत गेले. मागे पांढरी पावलं उमटली.

"माझंही नाव घाल तक्रारीत."

तेव्हा कुठे मागोमाग आलेल्या शिवदासनं खाली पाहिलं. अनवाणी पावलं होती, चपलांचे ठसे होते, शेळ्यांच्या खुरांचेही होते. सगळे त्याच एका पट्ट्यातून आलेले आणि गेलेले.

हापशावर वसाहतीतल्या बायका पाणी भरत होत्या. त्यांतली एक म्हातारी कळशी भरून थांबली होती. सखाहरीची आई.

"अरं सरपंच, उभा काय ऱ्हायलास? तेवढी कळशी दे की डोईवर."

"तुमच्याकडं नळ आहे ना, आजी?"

"हाय की. पाणी मचूळ येतंय. डाळ शिजंना त्यात."

त्यानं कळशी उचलून दिली. म्हातारी ओल्या पायांनी निघाली. शाळेची पहिली भिंत तिनं ओलांडली, मग दुसरी. दोन्ही ठिकाणची फक्की तिच्या तळव्यांना चिकटून वसाहतीकडे गेली. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

शिवदास बघत राहिला. मग तो एकटाच हसायला लागला. कुणी वैरी नव्हता. शाळेवर कुणाचा राग नव्हता. तीन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं, आणि आता जीव असा भांड्यात पडला की ती कळशी आपणच घरापर्यंत पोचवावी असं त्याला वाटलं. त्यानं तक्रारीचे चार तुकडे केले आणि खिशात कोंबले.

मग एकदम त्याचा चेहरा उतरला.

"पण बाबा… वाटेवरच शाळा आली की. साहेब दुपारी येणार. आता एवढी शाळा उचलून कुठं नेऊ?"

बाबा हापशाच्या धारेखाली पाय धूत होते.

"नेतोस कशाला? तीन दिवस झाले, अख्खं गाव तुझ्या शाळेतनं जातंय-येतंय… दोन्ही भिंतींत दारं तेवढी काढायची राहिलीत."