बिनकुलपाची जीप

हसीना मुलाणी डोंगरवाटांवर जीपमधून प्रवासी नेत असे. जुन्या जीपला ना दार, ना कुलूप, चावीसुद्धा गाडीतच. त्या वर्षी घाटातल्या चार जीप चोरीला गेल्या, हसीनाची मात्र जागची हलली नाही. नव्या प्रांतसाहेबांच्या डोळ्यांत ती बिनकुलपाची जीप खुपली.

"बाई, अशा बेफिकीर मालकाला गाडी कशाला हवी?" ते भर बाजारात गरजले. "मी ही आत्ता कचेरीत नेऊन दाखवतो. नेली, तर सरकारजमा!"

हसीनाचं घर त्याच जीपवर चालत होतं. तरी ती म्हणाली, "न्या, साहेब."

साहेब ऐटीत बसले. गिअरच्या मुठीवरचा 'एक' पाहून त्यांनी दांडा ओढला, आणि जीप सुसाट मागे जाऊन उकिरड्यात रुतली. बाजार खो खो हसला.

"हा काय चावटपणा?" साहेब ओरडले.

"मुठीवरचे आकडे मीच उलटे रंगवलेत, साहेब. पुढे जायला बघणारा चोर मागेच जातो."

"ही अक्कल तुला कुणी शिकवली?"

"तुमच्याच कचेरीनं. आमच्या वाडीच्या रस्त्याचा अर्ज तिथून सात वर्षं पुढे पाठवतात, आणि तो दर वेळी मागेच येतो."